पोटात गाठी असलेला चंद्र

मी एक जुना कापडी चंद्र आहे. हसू नका, मित्रांनो. आभाळातल्या चंद्राशी माझी बरोबरी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो सगळ्या जगाला उजेड देतो. माझ्यावर चार बोटं धूळ बसली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कलिंगडाएवढा माझा आकार, राखाडी रंग, आणि एका बाजूला उसवून पुन्हा शिवलेली लांब शिवण. सुरतेत पांडेसऱ्याला, एका सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर मी बसलेला असतो. गल्लीतली मुलं येतात, मला दाबून बघतात आणि विचारतात, "याच्या पोटात हे टणक टणक काय आहे?" त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे सगळी कहाणीच सांगावी लागेल. सांगतो. पण तिच्यातला बराचसा भाग शरमेचा आहे, तेव्हा मधेच माझा आवाज खाली गेला तर समजून घ्या.

माझा जन्म एका डाइंग मिलमधला. तिथे पॉलिस्टरचे लांबच लांब तागे रंगतात. रंगलेलं ओलं कापड मग स्टेंटर नावाच्या मशीनवर येतं. दोन्ही काठांना चिमटे लावून त्याला गरम हवेतून ओढत नेतात, म्हणजे ते सरळ आणि ताठ होऊन बाहेर पडतं. त्या मशीनवर भाईदास नावाचे कामगार होते, मूळचे अमळनेरकडचे. त्यांचा हात माझ्या अंगावरून पहिल्यांदा फिरला तेव्हाच त्यांनी 'च्च' केलं. माझा रंग एकसारखा बसला नव्हता. कुठे फिकट, कुठे गडद, मधेच ढगाळ डाग. तपासणीच्या टेबलावर मला उलगडलं, दिव्याखाली धरलं, आणि माझ्या टोकाला शिक्का बसला: 'सेकंड'.

मित्रांनो, आमच्या सुरतेच्या कापडात दोनच जाती आहेत. जो माल चांगला तो 'फ्रेश', जो बिघडला तो 'सेकंड'. फ्रेश माल ठेल्यावर बसून दिमाखात बाजारात जातो. सेकंड कोपऱ्यात पडतो. त्या एका शब्दाने मी जी मान खाली घातली ती बरेच दिवस वर केली नाही. शेजारून फ्रेश तागे जाताना दिसले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी भाईदासनी शेठला विचारून माझा एक तुकडा घरी आणला. उशीच्या खोळी होतील, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण त्यांच्या मुलीने, सुषमाने, मला खिडकीपाशी धरलं आणि ती ओरडलीच, "पप्पा, हा तर चंद्र आहे! हे डाग बघा ना, हुबेहूब!"

माझ्या डागांना कुणी चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सुषमा तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, भौतिकशास्त्र शिकत होती. आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळपासून तिला चंद्राने झपाटलं होतं. पण सगळे उतरण्याच्या गोष्टी करत होते, आणि हिला वेड होतं ते फिरत राहण्याचं. चंद्राभोवती यान असं कसं सोडावं, की ते वर्षानुवर्षं न पडता फिरत राहील? हा तिचा प्रकल्प होता. कॉलेजाकॉलेजांमधली एक मोठी स्पर्धा जवळ आली होती, आणि तिच्यात जे निवडले जातील त्यांना उन्हाळ्यात अहमदाबादच्या एका अवकाश संशोधन केंद्रात शिकायला मिळणार होतं. सुषमाचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

तुम्ही म्हणाल, फिरत राहायला काय लागतं? चंद्रावर हवा नाही, वारा नाही, यानाला अडवायला कुणी नाही. एकदा फिरायला लागलं की फिरतच राहील. मलाही तसंच वाटायचं. पण नाही, मित्रांनो. चंद्राच्या जवळून फिरणारं यान पडतं. मागे एक छोटं यान तर थोड्याच आठवड्यांत आपटलं. कारण चंद्र आतून एकसारखा नाही. वरून सपाट दिसणाऱ्या त्या काळसर मैदानांखाली जड खडकाच्या गाठी दडलेल्या आहेत. यान त्यांच्यावरून गेलं की त्या त्याला जरा जास्त ओढतात. दर फेरीला थोडं थोडं. यानाची वाट लांबट होत जाते, एका बाजूने चंद्राच्या जवळ येते, आणखी जवळ येते, आणि एक दिवस यान जमिनीला भिडतं. इंधन असेल तोवर वाट पुन्हा पुन्हा सुधारता येते. पण इंधन काही जन्माला पुरत नाही.

मात्र काही मोजक्या वाटा अशा आहेत, की त्यांचा कल बरोबर साधला तर एका गाठीने केलेला बिघाड दुसरी गाठ सावरते. ओढ असते, पण ती फिरून फिरून फिटते. अशा वाटेला शास्त्रज्ञ 'गोठलेली कक्षा' म्हणतात. सुषमा कॉलेजच्या संगणकावर तासन् तास बसून हेच गणित मांडायची. आकड्यांनी परीक्षकांना कळलं असतं. पण बघणाऱ्या कुणालाही कळावं म्हणून तिला मी हवा होतो.

मला शिवलं सुषमाच्या आईने. तिचं नाव सुंदरा. ती घरी बसून धागा कटिंगचं काम करायची. भरतकाम केलेल्या साड्यांचे गठ्ठे येतात, साडीच्या मागच्या बाजूला धाग्यांची टोकं लोंबत असतात. ती एकेक करून कापायची. सुंदराबाईच्या हातातून गेलेली साडी मागून पाहावी की पुढून, असा प्रश्न पडायचा, इतकी ती साफ व्हायची. कापलेले धागे ती टाकायची नाही. गोणीत भरून ठेवायची. माझ्या आठ फाका तिने अशा जोडल्या की शिवण बोटाला लागू नये, आणि पोटात तेच रंगीबेरंगी धागे ठासून भरले. "दाटं कापड से, चांद बेस व्हई," ती म्हणाली. म्हणजे कापड दाट आहे, चंद्र छान होईल. घरात ते सगळे अहिराणी बोलत. सुषमाही बोलायची, पण फक्त घरात. कॉलेजात ती इतकी सफाईदार गुजराती बोलायची की वर्गातल्या मुली तिला पक्की सुरती समजत, आणि तिनेही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता.

मग सुषमा मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे तिने माझी एक शिवण उसवली आणि माझ्या पोटात गाठी घातल्या. पर्सच्या झाकणाला असतात ना, ती चुंबकाची गोल बटणं, त्यांना दोरा गुंडाळून तिने आतून ठिकठिकाणी टाचलं. जिथे माझे गडद डाग होते त्यांच्याखाली मोठ्या गाठी. एका स्टँडवर मला बसवलं. शिलाई मशीनच्या जुन्या मोटरीवर फिरणारा एक हात माझ्याभोवती लावला, आणि त्या हाताला कापड विणायच्या लूमच्या फणीतली एक लवचीक तार जोडून तिच्या टोकाला लोखंडी मणी बसवला. मणी म्हणजे यान. हाताचा कल बदलता येत असे.

मोटर सुरू झाली की मणी माझ्याभोवती फिरायचा. गाठीवरून जाताना तार किंचित माझ्याकडे झुकायची. पुढच्या फेरीला आणखी झुकायची. मग आणखी. आणि 'टक्' करून मणी माझ्या अंगाला चिकटायचा. यान पडलं! पण सुषमाने जवळजवळ माझ्या डोक्यावरून आणि तळाखालून जाणारा तो नेमका कल लावला, की तार झुके, सावरे, झुके, सावरे, आणि मणी फिरतच राहायचा. भौतिकशास्त्राच्या तारा मॅडमनी ते पाहिलं आणि टाळी वाजवली. सुषमा त्यांना सांगायची, मॅडम, हे खरं गणित नव्हे, नुसतं दाखवायचं खेळणं आहे. ते खरंच होतं. तरी त्या आठवड्यात मला स्वतःच्या गाठींची लाज वाटली नाही, हेही तितकंच खरं.

इथवरची कहाणी सोपी होती, मित्रांनो. आता माझी जीभ जड होते.

सुषमाने हे सगळं मॅडमना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, तक्त्यांवर गुजरातीत आणि इंग्रजीत लिहिलं. घरी मात्र तिने काहीच सांगितलं नाही. एकदा भाईदासनी तिचा गुजराती तक्ता अडखळत वाचला. 'चंद्र पर खाडा' असं त्यावर लिहिलं होतं. गुजरातीत खाडा म्हणजे खड्डा. पण आपल्याकडे कामावर गैरहजर राहणं म्हणजे खाडा! भाईदास पोट धरून हसले. "चांद बी खाडा करस का वं? मंग अमावस्याले त्यानी बी हजेरी कापत व्हतीन!" सुंदराबाईही हसली. सुषमाही हसली, आणि तक्ता गुंडाळून निघून गेली. तो खाडा म्हणजे काय, आणि त्याच्याखालची गाठ म्हणजे काय, हे सांगायला तिला तेव्हा किती वेळ लागला असता? पण घरच्यांना काय सांगायचं, त्यांना काय कळणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती वाईट मुलगी नव्हती. शिकलेल्या पुष्कळ मुलांचं असं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने मला घरी आणलं. जेवण झाल्यावर ती तक्ते छापायला बाजारात गेली. सुंदराबाई हात धुऊन आली आणि मला मांडीवर घेतलं. आपल्या हातचा चांद कसा दिसतो ते तिला डोळे भरून पाहायचं होतं. तिने तळवा फिरवला, आणि तो थबकला. गाठ लागली. पुढे दुसरी. आणखी तिसरी.

"वं माय! ह्या गाठी कथाइन उन्यात?"

गाठी आल्या कुठून, या विचाराने तिचं तोंड एवढंसं झालं. जुन्या उशीत कापसाचे गोळे होतात तसे आपल्या भरावाचे गोळे झाले, असं तिला वाटलं. शिवण उसवून पाहते तर दोऱ्यात गुरफटलेली पर्सची बटणं! धाग्यांच्या गोणीत टिकल्या, मणी, बटणं पडतातच. आपणच न निवडता भरली, असा तिने अर्थ लावला. पोरीचा एवढा मोठा कार्यक्रम, मोठमोठी माणसं येणार, चंद्राला हात लावणार, आणि आईचं काम असं गचाळ! जिने आयुष्यात साडीवर एक धागा राहू दिला नाही, तिने आपल्याच पोरीच्या चंद्रात गाठी ठेवल्या!

ती पार ओशाळली. दार लोटून घेतलं आणि कामाला बसली. एकेक गाठ शोधून काढली. बटणं फेकली नाहीत, हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवली. भराव सगळा बाहेर काढून पिंजला, पुन्हा भरला, शिवण घातली. शेवटी पाण्याचा हात लावून वरून हलकी इस्त्री फिरवली.

आणि मी? मित्रांनो, हेच सांगायची मला लाज वाटते. मला बरं वाटलं. गाठी गेल्या, पोट हलकं झालं, अंग कसं गुळगुळीत झालं. वाटलं, आता मी फ्रेश झालो. आता मला कुणी सेकंड म्हणणार नाही. त्या गाठींनीच मला चंद्र केलं होतं, हे मी एका इस्त्रीत विसरलो.

सुषमा परत आली ती कानाला फोन लावून. सुंदराबाई म्हणाली, "चांद साफसुफ करी ठेवा से वं, सुषमा." सुषमा म्हणाली, "हं." तिने मला पिशवीत घातलं. आठवडाभर रोज चालवून पाहिलेला चंद्र. पुन्हा तपासायचं तिच्या मनातही आलं नाही.

स्पर्धा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या कॉलेजात होती. मोठा हॉल, ओळीने टेबलं, डोक्यावर पंखे. येणारे-जाणारे माझ्यापाशी थांबत होते. "वाह, कितना सुंदर चांद!" म्हणत गालावरून हात फिरवावा तसा माझ्यावरून हात फिरवत होते. मी फुगून बसलो होतो.

सुषमाने आईला 'तिथे बसायला जागा नसते' असं सांगितलं होतं. त्याचा अर्थ येऊ नकोस असा होता, पण सुंदराबाईने त्याचा सरळ अर्थ घेतला: उभं राहावं लागेल. म्हणून ती लग्नकार्यात नेसायची हिरवी साडी नेसून आली आणि मागे भिंतीपाशी उभी राहिली.

परीक्षक आले. चष्मा लावलेले एक सर आणि त्यांच्यामागे दोघेजण. सुषमाने गुजरातीत सुरुवात केली. फार छान बोलत होती ती. चंद्र वरून शांत दिसतो, पण त्याच्या आत जड गाठी आहेत, तिने सांगितलं. आता मी चुकीचा कल लावते, बघा, आपलं यान पडेल.

मोटर सुरू झाली. मणी फिरू लागला. एक फेरी, दुसरी फेरी. सगळे वाकून बघू लागले. मणी फिरतच राहिला. सुषमा हसून म्हणाली, थोडा वेळ लागतो. मणी फिरतच राहिला, तारेला लचकही नाही. तिने घाईने कल बदलला. तरी फिरत राहिला. तिसरा कल लावला. मणी आपला मजेत फिरतोय. सुषमाच्या तोंडचं पाणी पळालं.

चष्म्याच्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "बेन, आ तो पडतुं ज नथी," ते शांतपणे म्हणाले. "बधा रस्ता सरखा छे. तो पछी तमे शोध्युं शुं?"

सगळ्या वाटा सारख्याच असतील, तर तुम्ही शोधलं काय? ज्याच्यामुळे पडायचं तेच पोटातून गेलेलं, आणि न पडण्याला मग काही किंमतच उरली नव्हती. सुषमाने अंगठ्याने मला दाबलं. इथे दाबलं, तिथे दाबलं. सगळीकडे नुसता मऊ धागा. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी काय होऊन बसलो आहे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मी स्टँडवर सगळ्यांच्या मधोमध गुळगुळीत चकाकत होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला. आनंदाने भरलेला आवाज. सुंदराबाई शेजारच्या बाईला आपल्या पोरीचं कौतुक सांगत होती, "मन्ही आंडेरना चांद से तो! देखा ना, कितलं फिरी ऱ्हायनं, पडतंच नही!"

त्या सबंध हॉलमध्ये ती एकटीच खूश होती. यान पडत नाही, म्हणजे पोरीचं जमलं, असा तिचा भाबडा समज.

सुषमाने वर पाहिलं. आईचा चेहरा, इस्त्रीने गुळगुळीत झालेलं माझं अंग, कालचं 'साफसुफ', हे सगळं तिच्या डोक्यात एकदम जुळलं. आणि जी भाषा तिने कॉलेजात कधी ओठांवर येऊ दिली नव्हती, तीच तिच्या तोंडून फुटली.

"माय! तू गाठी काढी टाक्यात? कोनी सांगं व्हतं तुले? धागा कापाशिवाय तुले काय समजस!"

सगळ्यांनी आधी सुषमाकडे पाहिलं, मग मागे हिरव्या साडीतल्या बाईकडे. सुंदराबाईचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं, ते पुसायलाही तिला सुचलं नाही. "माले वाटनं," ती पुटपुटली, "मन्हा भराव खराब व्हयना." तिने पदर डोक्यावरून घेतला आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर गेली.

सुषमाजवळ संगणक होता, त्यात सगळं खरं गणित होतं. शांतपणे ते दाखवलं असतं तर परीक्षकांनी कदाचित ऐकूनही घेतलं असतं. पण ती दाराकडेच बघत उभी राहिली. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. तारा मॅडम जवळ आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "अगं, तू आपल्याकडची? मी अमरावतीची. दोन वर्षं आपण एकमेकींशी गुजरातीच बोलतोय!" ते त्या मायेने म्हणाल्या, पण सुषमाला ते चाबकासारखं लागलं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. तिचे अश्रू माझ्या कापडात जिरले.

अहमदाबादची जागा गेली ती गेलीच. दुसऱ्यांना मिळाली.

घरी भाईदासनी विचारलं, "काय व्हयनं?" सुंदराबाई सुषमाच्या आधी बोलली. "चांद मीच बिघाडा." एवढंच. पोरगी काय बोलली ते तिने नवऱ्याला तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. जुन्या चादरी, फुटका टेबलफॅन आणि मी. पिशवीला एक भोक होतं, त्यातून मला खालची खोली दिसायची. दिसायला नको होती, असं मला रोज वाटायचं.

कारण सुंदराबाई बदलली होती. पूर्वी तिची कात्री कशी चालायची! गप्पा मारता मारता, वरण उकळता उकळता, न बघता. आता ती साडी मांडीवर घ्यायची, धागा बोटात धरायची आणि थांबायची. कात्री उघडायची आणि मिटायची. मग धागा तसाच सोडून पुढच्या धाग्याकडे जायची. माल आणून देणारा लखन एक दिवस साड्या परत घेऊन आला. "मौसी, ये क्या? धागे तो वैसे के वैसे लटक रहे हैं. तबियत ठीक नहीं है क्या?" तिने खाली बघून गठ्ठा परत घेतला.

आणि एका दुपारी, सुषमा कोपऱ्यात वाचत बसली असताना, सुंदराबाईने साडी तिच्यापुढे धरली. मोराच्या नक्षीमागे वीतभर धागा लोंबत होता. लहान मूलही सांगेल की तो कापायचा. सुंदराबाईने विचारलं,

"सुषमा, हाऊ धागा कापू का ऱ्हाऊ देऊ?"

सुषमाला आधी वाटलं, आई टोमणा मारते आहे. ती रागाने वर बघायला गेली. पण आईच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. वीस वर्षं जे काम तिच्या बोटांना पाठ होतं, ते आपल्याला समजतं की नाही, याची तिला आता खात्री नव्हती. आपल्या हातून पुन्हा काही बिघडू नये म्हणून ती आपल्या शिकलेल्या मुलीला विचारत होती.

सुषमाच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. शरमेने तिचा चेहरा असा काळवंडला की माळ्यावरून मला बघवेना.

मग ती उठली. स्टुलावर चढून तिने मला खाली काढलं, पिशवी फाडली, आणि मला आईच्या मांडीवर ठेवलं. हळदीची डबी शोधून शेजारी ठेवली. सुंदराबाईने घाबरून हात मागे घेतले.

"माय, मी तुले सांगाले पाहिजे व्हतं," सुषमा म्हणाली. "मीच नही सांगं."

मग ती सांगायला लागली. सुरुवात सवयीने गुजरातीत झाली. ती थांबली. कक्षेला अहिराणीत काय म्हणायचं, तिला येईना. सगळं शास्त्र तिला परक्या भाषांत पाठ होतं आणि आईशी बोलायला एक शब्द नव्हता. शेवटी ती म्हणाली, 'वाट'.

"खरा चांदना पोटमा बी गाठी सेतीस, माय. वरथीन दिखतस नही. यान जवळ गयं का त्या त्याले वढतीस."

सुंदराबाई ऐकत होती. "मंग ते पडी जास?"

"पडी जास. पन एखादी वाट अशी ऱ्हास, तठे एक गाठ वढस, दुसरी सावरी लेस. त्या वाटवर ते फिरतच ऱ्हास. वरीसेवरीस."

सुंदराबाईने माझ्यावरून हात फिरवला. तिने विचारलं, "मंग त्या गाठी काढाना नहीत?"

"काढता येतस नही, माय. त्या चांदना पोटन्याच सेतीस. आपले वाट शोधनी पडस."

सुंदराबाईने माझी शिवण उसवली. सुषमा बोटाने जागा दाखवत गेली, आई एकेक बटण आतून टाचत गेली. पहिल्या गाठीला तिने विचारलं, "आठे?" दुसऱ्या गाठीलाही विचारलं, "आठे?" सुषमाने प्रत्येक वेळी मान हलवली, आणि एकदाही घाई केली नाही. माझ्या पोटात पुन्हा ओळखीचं जड जड वाटू लागलं. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला असं मी म्हणणार नाही. जो इस्त्रीला भुलला होता, त्याला आनंदाचा काय अधिकार? पण जीव मात्र भांड्यात पडला.

आता सुषमा पुढच्या शिक्षणाला वडोदऱ्याला असते. फोनवर आईशी बोलताना तिच्या आजूबाजूला मैत्रिणी असल्या तरी ती अहिराणीतच बोलते. आणि मी इथे फळीवर बसून तुमच्यासारख्या मुलांची बोटं अंगावर झेलतो. सुंदराबाई मुलांना मणी फिरवून दाखवते. यान पडलं की मुलं हळहळतात, आणि ती म्हणते, "थांबा, आते वाट बदलूत."

तुमच्याकडे माझी एकच विनवणी आहे. कुणाच्या पोटात गाठ लागली तर ती लगेच उपटायला जाऊ नका, ती कशाची आहे ते आधी विचारा. आणि गाठ तुमची असेल, तर घरच्या माणसांना सांगा. त्यांना काय कळणार, असं मनात आणू नका. शब्द सापडत नसेल तर थांबा, शोधा, पण त्यांच्याच भाषेत सांगा. नाहीतर कुणीतरी मायेने तुमचा चंद्र गुळगुळीत करून ठेवील, आणि तुम्ही त्याच माणसाला चारचौघांत तोडाल.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. शेवटचा टाका झाला, गाठ मारली, आणि वर बोटभर दोरा उरला. सुंदराबाईने कात्री उचलली. उघडली. मी श्वास रोखला. सुषमानेही रोखला असावा, पण ती मुद्दाम खिडकीकडे बघत राहिली. सुंदराबाईने कात्री बाजूला ठेवली, मला तोंडाजवळ धरलं, आणि कुणाला काही न विचारता दाताने तो दोरा तोडला.